विषप्रयोग आणि सुरक्षितता : एमपीटीपीविषयक उंदीर-संशोधनाच्या वाङ्मयाची चिकित्सा

१

प्रायोगिक विज्ञानातील निबंधांत ‘साहित्य व पद्धती’ या मथळ्याखाली जो भाग येतो, त्याकडे टीकाकाराचे लक्ष सहसा जात नाही. निष्कर्ष वादग्रस्त ठरतात, उपपत्तींचे खंडन होते, आकडेमोडीतील दोष दाखविले जातात. परंतु पद्धतीचे निवेदन मात्र औपचारिक नोंद म्हणून वाचले जाते आणि विसरले जाते. वस्तुतः प्रयोग कसा केला हे सांगताना निबंधकार काय सांगावयाचे आणि काय गाळावयाचे याची निवड करीत असतो. ह्या निवडीतून एखाद्या शास्त्रशाखेची मूल्यदृष्टी जितकी उघड होते तितकी ती प्रस्तावनेतील उदात्त वाक्यांतून होत नाही.

घातक विषे वापरून प्रयोगशाळेतील उंदरांवर जे संशोधन चालते, त्याच्या वाङ्मयाला ही कसोटी लावून पाहणे उद्‌बोधक ठरते. विषाची मात्रा, उंदराची जात, वय व वजन, इंजेक्शनांमधील अंतर ही माहिती त्यात सामान्यतः दिलेली असते. परंतु ते विष कोणी तोलले, कोठे तोलले, इंजेक्शननंतर उंदीर कोठे ठेवले, पिंजऱ्यातील भुसा केव्हा व कसा काढला, उरलेल्या द्रावणाचे काय केले, या प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. फार तर एक वाक्य असते : योग्य ती काळजी घेण्यात आली. ‘योग्य’ म्हणजे काय, हे त्या वाक्यात नसते. आणि कर्मणी प्रयोगामुळे ती काळजी घेणारा माणूसही त्यातून नाहीसा झालेला असतो.

ही त्रुटी केवळ शिस्तीची आहे, असा समज प्रचलित आहे. सुरक्षितता हा प्रयोगशाळेच्या व्यवस्थेचा विषय, शास्त्राचा नव्हे. ती नियमपुस्तिकेत असावी, निबंधात तिचे काम नाही, असा ह्या समजाचा आशय सांगता येईल. हा समज कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी एकच उदाहरण बारकाईने तपासणे अधिक फलदायी होईल. त्यासाठी कंपवाताच्या संशोधनात वापरले जाणारे १-मेथिल-४-फेनिल-१,२,३,६-टेट्राहायड्रोपिरिडीन, म्हणजेच एमपीटीपी, हे विष सर्वांत योग्य होय. त्याचा मनुष्यावरील परिणाम निःसंदिग्धपणे ज्ञात आहे. त्याच्या क्रियेची साखळी पायरीपायरीने उलगडलेली आहे. आणि त्याच्या सुरक्षित हाताळणीविषयी स्वतंत्र लेखनही झालेले आहे. जेथे ज्ञान इतके विपुल आहे तेथेही सुरक्षिततेचा विचार परिशिष्टात ढकलला जात असेल, तर दोष माहितीच्या अभावाचा मानता येणार नाही, तो विचारपद्धतीचा मानावा लागेल.

२

एमपीटीपीचे विषारीपण प्रथम उंदरात आढळले आणि मग मनुष्याविषयी अनुमान झाले, असा क्रम येथे घडलेला नाही. १९७६ साली अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रसायनशास्त्राच्या एका तरुण विद्यार्थ्याने पेथिडीनसदृश एक अंमली द्रव्य स्वतःच तयार करून टोचून घेतले. त्या द्रव्यात अशुद्धी म्हणून एमपीटीपी मिसळले होते. थोड्याच दिवसांत त्याचे शरीर ताठरले, हालचाली मंदावल्या आणि वार्धक्यात दिसणाऱ्या कंपवाताचे चित्र ऐन तारुण्यात उभे राहिले. लेव्होडोपाने त्याला उतार पडला. पुढे अन्य कारणाने त्याला मृत्यू आला, आणि मेंदूच्या तपासणीत कृष्णद्रव्यातील, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रातील, पेशींचा नाश झाल्याचे दिसले. हा वृत्तान्त १९७९ साली प्रसिद्ध झाला. पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९८२ साली उत्तर कॅलिफोर्नियात तशाच अवस्थेतील तरुण रुग्ण एकामागून एक आढळले. विल्यम लँगस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा माग काढला, द्रव्याचे नमुने तपासले, आणि १९८३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमपीटीपी हे कारण म्हणून पुढे मांडले. कंपवाताच्या संशोधनाला त्या क्षणी नवी दिशा मिळाली, हे सर्वमान्य आहे. मात्र प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने ह्या इतिहासातील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत, आणि नेमक्या त्याच बहुतेक प्रस्तावनांतून वगळल्या जातात.

पहिली गोष्ट रॅटविषयी आहे. मेरीलँडच्या प्रकरणानंतर ते द्रव्य पुन्हा तयार करून रॅट या मोठ्या जातीच्या उंदरांवर त्याची चाचणी घेण्यात आली होती. त्यांना टिकाऊ असा अपाय झाला नाही. ज्या प्राण्याकडे प्रश्न नेला, त्या प्राण्याने चुकीचे उत्तर दिले. पुढे असे कळले की रॅट हा प्राणी ह्या विषाला विलक्षण दाद न देणारा आहे. ज्या विषाने मनुष्य काही दिवसांत जखडला, ते विष प्राणिप्रयोगात जवळजवळ निरुपद्रवी भासले, हा धडा सुरक्षिततेच्या विचारात सर्वांत आधी यावयास हवा होता.

दुसरी गोष्ट एका रसायनज्ञाची आहे. १९८३ सालीच लँगस्टन व बॅलर्ड यांनी एका पत्ररूप टिपणात, व्यवसायानिमित्त एमपीटीपी हाताळणाऱ्या एका रसायनज्ञाला कंपवात झाल्याची नोंद केली. त्याने ते द्रव्य टोचून घेतले नव्हते. त्वचा किंवा श्वास ह्या मार्गांनी ते शरीरात गेले असावे, असा संशय व्यक्त झाला. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य करावयासच हवे. कंपवात हा अन्यथाही होणारा रोग आहे. तथापि ज्या वर्षी विषाची ओळख पटली त्याच वर्षी ते हाताळणाऱ्याविषयीची शंका छापून आली होती, ही वस्तुस्थिती उरतेच. म्हणजे हाताळणारा माणूस ह्या शास्त्राच्या इतिहासात पहिल्यापासून उपस्थित आहे. पद्धतीच्या निवेदनातून मात्र तो बाहेर राहिला.

३

विषाच्या क्रियेची साखळी पुढील तीन वर्षांत उलगडली. एमपीटीपी हे मेदात सहज विरघळणारे असल्यामुळे रक्तातून मेंदूत विनासायास शिरते. तेथे मोनोअमीन ऑक्सिडेज-बी हे एन्झाइम त्याचे रूपांतर घडवून आणते आणि अखेरीस एमपीपी-धन हा आयन तयार होतो. खरे विष हेच. डोपामीन परत शोषून घेणारी जी वाहक-यंत्रणा चेतापेशीत असते, तीच ह्या आयनालाही आत ओढून घेते; आणि पेशीत शिरल्यावर तो तंतुकणिकांतील श्वसनसाखळीची पहिली कडी बंद पाडतो. पेशीची ऊर्जा आटते व ती मरते. उपरोक्त एन्झाइमाला आधीच रोखले तर प्राणी वाचतो, हे १९८४ साली उंदरांत व माकडांतही दाखविले गेले.

त्याच वर्षी हाइक्किला, हेस व डुव्होइझिन यांनी उंदरात हे विष डोपामीनचा ऱ्हास घडवून आणते असे दाखविले, आणि तेव्हापासून सी-५७ ब्लॅक-६ ह्या काळ्या जातीचा उंदीर कंपवाताच्या संशोधनाचा नित्याचा सोबती झाला. रूढ पद्धती दोन. एकीत किलोग्रॅम वजनामागे १४ ते २० मिलिग्रॅम अशी मात्रा दर दोन तासांनी, एकाच दिवसात चार वेळा टोचतात. दुसरीत ३० मिलिग्रॅम रोज एकदा, पाच दिवस. २५ ग्रॅमच्या उंदराला पहिल्या पद्धतीत अधिकात अधिक २ मिलिग्रॅम विष मिळते, तर दुसऱ्या पद्धतीत पाच दिवसांत ३·७५ मिलिग्रॅम. चाळीस उंदरांचा एक साधा प्रयोग दुसऱ्या पद्धतीने केला तर १५० मिलिग्रॅम विष लागते.

हे आकडे दिसावयास लहान आहेत, आणि त्यांतच धोका आहे. उंदीर हे मापच येथे फसवे आहे. उंदराला ह्या विषाची जी मात्रा लागते, तिच्यापेक्षा किती तरी लहान मात्रांनी माकडे जखडतात. उंदरातील डोपामीनची तूट कालांतराने अंशतः भरून येते. मनुष्यात व माकडात हानी टिकते. इंजेक्शननंतर उंदीर काही काळ निश्चल होतो, त्याचे केस उभे राहतात, लाळ गळते; पण वाचलेला उंदीर बहुधा एकदोन दिवसांत पिंजऱ्यात पूर्ववत फिरू लागतो. कंप, ताठरपणा, पाय ओढीत चालणे यांपैकी मनुष्यातील रोगाची आठवण करून देणारे असे टिकाऊ लक्षण त्याच्यात डोळ्यांना दिसत नाही. हानी आहे ती कृष्णद्रव्याच्या छेदात, सूक्ष्मदर्शकाखाली. ज्या विद्यार्थ्याने हा उंदीर तीनदा बरा झालेला पाहिला, त्याच्या मनात त्या विषाविषयी जी सौम्य कल्पना घर करते, ती नियमपुस्तिकेतील लाल अक्षरांनी पुसली जात नाही.

येथे वाङ्मयाचा पहिला दोष स्पष्ट होतो. जातीजातींतील संवेदनशीलतेचा फरक हा ह्या शाखेचा आवडता विषय आहे. स्विस जातीचा पांढरा उंदीर काळ्या उंदरापेक्षा ह्या विषाला कमी दाद देतो, नर-मादीत फरक पडतो, वयाने फरक पडतो, इतकेच काय, एकाच जातीचे उंदीर निरनिराळ्या पुरवठादारांकडून आणले तरी फरक पडतो, याची चर्चा पुष्कळ होते. पण ह्या तुलनेच्या अखेरीस जो प्राणी येतो, म्हणजे इंजेक्शन देणारा मनुष्य, त्याचा उल्लेख त्या कोष्टकात होत नाही. संवेदनशीलतेचे कोष्टक हे शास्त्र, आणि हातमोजे ही व्यवस्था, अशी वाटणी केल्यामुळे हातमोज्यांचे कारण कोष्टकातच आहे हे दृष्टीआड होते.

दुसरा दोष मोजमापाचा आहे. एमपीटीपी बाजारात बहुधा हायड्रोक्लोराइड लवणाच्या रूपात मिळते. मात्रा मुक्त बेसच्या हिशोबाने सांगितली की लवणाच्या, हे अनेक निबंधांत स्पष्ट नसते. दोहोंच्या रेणुभारांत जो फरक आहे, त्यामुळे लवण तोलून ती मात्रा बेसची आहे असे समजल्यास प्रत्यक्ष विष सुमारे १७ टक्क्यांनी कमी पडते. प्रयोगाची पुनरावृत्ती करणाऱ्यास ह्या अस्पष्टतेचा उपद्रव होतो, हे सर्वांना पटते. परंतु लवण की बेस हा भेद सुरक्षिततेचाही भेद आहे. मुक्त बेस बाष्पनशील आहे, लवण तसे नाही. हीच एक माहिती निबंधात नीट दिली तर प्रयोगाची शुद्धता आणि प्रयोगकर्त्याचा श्वास ह्या दोहोंचे काम होते.

४

विषाचा धोका कोठे असतो, असे विचारले असता विद्यार्थी बहुधा कुपीकडे व सुईकडे बोट दाखवितो. ते चूक नाही. कोरडी भुकटी तोलताना कण उडतात. म्हणूनच शक्य तेथे कुपीच्या रबरी बुचातून सुईने लवणजल आत सोडून विष कुपीतच विरघळवावे आणि तोलण्याचा प्रसंगच टाळावा, ही पद्धत श्रेयस्कर ठरते. सुईची टोपी पुन्हा बसविताना बोटाला टोचणे, हातात धरलेला उंदीर वळून चावणे किंवा झटका देणे, ही संकटेही खरीच. पण ती क्षणाची संकटे आहेत, आणि त्या क्षणी माणूस सावध असतो.

कमी सावधपणाचे स्थान म्हणजे पिंजरा. इंजेक्शनाबरोबर विष उंदराच्या शरीरात बंद झाले, असे मानणे म्हणजे शरीराचा धर्मच विसरणे होय. एमपीटीपीचा काही भाग मूळ रूपात व काही भाग रूपांतरित होऊन मूत्राबरोबर व विष्ठेबरोबर बाहेर पडतो. पहिल्या पद्धतीने पाच उंदरांच्या पिंजऱ्यात एका दिवसात १० मिलिग्रॅम विष जाते. त्यातील जो अंश भुशात उतरतो, तो भुसा हलविताच धुळीबरोबर वर येऊ शकतो. आणि पिंजऱ्यातील भुसा हलविणारा माणूस कोण? तो संशोधक नसतो. तो प्राणिगृहातील सेवक असतो. त्याने निबंध वाचलेला नसतो, त्याचे नाव निबंधात नसते, आणि पुष्कळदा पिंजऱ्याच्या चिठ्ठीवरील लघुरूपाचा अर्थही त्याला कोणी सांगितलेला नसतो.

ह्यासाठी जो नियम रूढ झाला आहे, त्याचीही चिकित्सा आवश्यक आहे. अखेरच्या इंजेक्शननंतर बहुधा ७२ तास भुसा बदलू नये, पिंजरे वेगळ्या खोलीत ठेवावेत, असा तो नियम. त्यामागील हेतू रास्त आहे : तोपर्यंत उंदराचे शरीर विषापासून मोकळे व्हावे. परंतु हा नियम उंदराविषयी काही सांगतो, पिंजऱ्याविषयी नव्हे. तीन दिवस लोटल्यावर प्राण्याच्या मूत्रातून विष येणे थांबते, म्हणून आधीच भुशात उतरलेले विष नाहीसे झाले असे होत नाही. पाच दिवसांच्या पद्धतीत तर भुशात आठ दिवसांचा संचय असतो. ७२ तास संपताच भुसा नेहमीच्या कचऱ्यात टाकावा, असा ह्या नियमाचा सोयीस्कर अर्थ ज्या प्राणिगृहात केला जातो, तेथे नियमाचे अक्षर पाळून नियमाचा हेतू मारला जातो. भुसा फ्यूम हूडमध्ये, ओलसर करून, धूळ न उडविता, बंद पिशवीत भरून, विषारी कचरा म्हणूनच जाळण्यास पाठविला पाहिजे. ७२ तास हा त्या कामाचा आरंभ आहे, अंत नव्हे.

ह्या नियमाची दुसरी बाजूही तितकीच विचारार्ह आहे. आठ दिवस न बदललेल्या भुशात अमोनिया साचतो, आणि आजारी उंदरांना त्याचा त्रास होतो. शिवाय एमपीटीपीने उंदराच्या शरीराचे तापमान घसरते; परिसराच्या उष्णतेनुसार विषाची तीव्रता व मरणाऱ्या उंदरांची संख्या बदलू शकते. पिंजरे हवेच्या वेगवान झोतात ठेवले, की साध्या खोलीत ठेवले, यावर प्रयोगाचे फल अवलंबून राहू शकते. म्हणजे ज्या व्यवस्थेला केवळ सुरक्षिततेची म्हणून निबंधातून वगळले, ती व्यवस्था प्रयोगाच्या परिस्थितीचाच एक घटक ठरते. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पुरवठादाराकडे आणि मात्रेकडे बोट दाखविले जाते. पिंजरे कोठे होते हे विचारण्याची सोय मात्र निबंधांनी ठेवलेली नसते.

५

एमपीटीपीच्या हाताळणीविषयी जे लेखन झाले आहे, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. १९८८ साली यांग, मार्की, बँकीविक्झ, लंडन व लन यांनी प्राणिप्रयोगांतील सुरक्षित पद्धतींविषयी स्वतंत्र लेख लिहिला. एखाद्या विषाच्या वापराला जेमतेम पाच वर्षे झाली असता त्याच्या हाताळणीचा प्रश्न स्वतंत्र निबंधाचा विषय व्हावा, ही त्या काळातील जागरूकतेची साक्ष आहे. २००१ साली प्रझेडबोर्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ न्यूरोकेमिस्ट्री’त जो आढावा घेतला, त्याच्या शीर्षकातच उपयुक्तता आणि सुरक्षितता हे दोन शब्द शेजारी आले. हे साहचर्य अर्थपूर्ण आहे. विषाचे जे गुण त्याला संशोधनास उपयुक्त करतात, म्हणजे मेंदूत सहज शिरणे, नेमक्या पेशी निवडणे, त्यांचा कायमचा नाश करणे, तेच गुण त्याला हाताळणाऱ्यास घातक करतात, असा विचार त्या शीर्षकातून सहज सुचतो. २००७ साली जॅक्सन-लुईस व प्रझेडबोर्स्की यांनी ‘नेचर प्रोटोकॉल्स’मध्ये उंदीर-प्रतिमानाची कार्यपद्धती सविस्तर मांडली, आणि पुढील संशोधकांना एक समान आधार मिळाला.

दोष ह्या लेखांत फारसा नाही; तो त्यांच्या उपयोगात आहे. नंतरचे निबंध ह्या लेखांचा उल्लेख करतात तो मात्रेसाठी. सुरक्षिततेचा भाग बहुधा संस्थांच्या नियमपुस्तिकांत उतरतो, आणि तेथे उतरताना त्याची कारणे गळून पडतात. कारणे गळालेला नियम कसा विपरीत होऊ शकतो, याचे उदाहरण शुद्धीकरणाच्या द्रवांत सापडते. सांडलेले विष पुसण्यास अनेक ठिकाणी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे बाजारातील ब्लीच, वापरावयास सांगतात. आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटने विषाचा नाश करण्याची पद्धतही वर्णिलेली आहे. ह्या दोन द्रवांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. ब्लीच अल्कधर्मी असते, आणि अल्कधर्मी माध्यमात लवणातून मुक्त बेस सुटण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या क्षणी विषाचा नाश आरंभतो त्याच क्षणी त्याचे बाष्पनशील रूपही निर्माण होऊ शकते. म्हणून ते काम चालू असलेल्या फ्यूम हूडखाली व्हावयास हवे. उलट आम्लाने पुसून त्यावर लगेच ब्लीच ओतले तर क्लोरीन वायू सुटतो. ‘ब्लीचने पुसावे’ एवढे दोन शब्द भिंतीवर लिहिलेल्या प्रयोगशाळेत यांपैकी काहीही कळावयास मार्ग नाही. नियमाचे कारण हे नियमाचे अलंकरण नसून त्याचा कार्यकारी भाग आहे.

तसाच दुसरा प्रश्न एमपीपी-धन आयनाचा. तो खरा मारक असला तरी विद्युत्‌भारामुळे रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, एमपीटीपी शिरते. म्हणून हाताळणाऱ्याच्या दृष्टीने ‘पूर्वविष’ हेच प्रत्यक्ष विषापेक्षा अधिक भयावह ठरते. हा विपर्यास क्रियेच्या साखळीतून सरळ निघतो. तथापि दोहोंना एकाच श्रेणीत बसविणाऱ्या किंवा ‘पूर्वविष’ या नावामुळे पहिल्याला सौम्य समजणाऱ्या कल्पना विद्यार्थ्यांत आढळतात, याचे कारण साखळी परीक्षेसाठी शिकविली जाते आणि नियम भिंतीवर वाचले जातात.

भारतातही हे प्रतिमान अपरिचित नाही. वनस्पतिजन्य अर्कांचा कंपवातावरील उपयोग तपासण्यासाठी येथील औषधशास्त्र-विभागांत व संशोधनसंस्थांत एमपीटीपी दिलेले उंदीर वापरले जातात. खाजकुइलीसारख्या, बियांत लेव्होडोपा असणाऱ्या वनस्पतीमुळे ह्या दिशेला विशेष ओढही आहे. १९६० च्या प्राणिक्रौर्य-प्रतिबंधक अधिनियमानुसार स्थापन झालेल्या समितीची व्यवस्था, १९९८ चे नियम आणि प्रत्येक संस्थेतील प्राणि-नीतिसमिती यांमुळे प्रयोगाच्या अर्जात घातक द्रव्यांविषयी व त्यांच्या विल्हेवाटीविषयी माहिती विचारली जाते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या नीतिसमितीच्या रचनेत निरनिराळ्या शाखांचे शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, बाहेरचा शास्त्रज्ञ व समाजाचा प्रतिनिधी यांना स्थान असले, तरी पिंजरा धुणाऱ्या सेवकाच्या आरोग्याविषयी बोलण्याचे काम नेमून दिलेला असा सभासद तीत नाही. प्राण्याचा कैवार घेणारी यंत्रणा उभी राहिली, हे योग्यच झाले. माणसाचा कैवार मात्र अर्जातील एका रकान्यावर सोपविला गेला. १९५९ साली रसेल व बर्च यांनी मांडलेल्या तत्त्वत्रयीतील प्राण्यांची संख्या घटविण्याचे तत्त्व येथे दोहोंच्याही उपयोगी पडते : चाळीसांच्या जागी पंचवीस उंदीर पुरत असतील, तर पंधरा जीव वाचतात, आणि ५६ मिलिग्रॅम विष प्राणिगृहात येतच नाही.

६

ह्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. एमपीटीपीचा वापर चार दशके जगभर चालू आहे. प्रयोगशाळांत त्यामुळे कंपवात झालेल्यांची रांग लागलेली दिसत नाही. मग एवढी चिंता कशासाठी? अतिरिक्त निर्बंधांनी संशोधन महाग होते, लहान विद्यापीठांना ते अशक्य होते, आणि रुग्णांचे हित लांबणीवर पडते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या विभागात फ्यूम हूड एकच आहे, तेथे आदर्श नियमावली म्हणजे प्रयोगाला केलेली मनाईच होय.

परंतु आक्षेपाचा पहिला भाग, म्हणजे अपघात दिसत नाहीत म्हणून धोका नाही हे अनुमान, ह्याच विषाच्या संशोधनाने खोडून काढलेले आहे. कृष्णद्रव्यातील पेशींचा मोठा हिस्सा नष्ट होईपर्यंत कंपवाताची लक्षणे उघड होत नाहीत. १९८५ साली काल्न, लँगस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, एमपीटीपी शरीरात गेलेले पण लक्षणे नसलेले काही लोक पॉझिट्रॉन-चित्रणाने तपासले; त्यांच्या मेंदूत डोपामीन-यंत्रणेची उणीव आढळली. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माणसात हानी असू शकते, हे त्यावरून दिसले. १९९९ साली लँगस्टन व इतरांनी, ह्या विषाने आजारी पडलेल्या तिघांच्या मेंदूंचा मरणोत्तर अभ्यास प्रसिद्ध केला; विषाचा संपर्क होऊन अनेक वर्षे लोटल्यावरही पेशींचा ऱ्हास चालूच असल्याच्या खुणा त्यात दिसल्या. ज्या विषाची हानी लक्षणांशिवाय राहू शकते आणि संपर्क संपल्यावरही पुढे सरकू शकते, त्याच्या बाबतीत ‘कोणी आजारी पडले नाही’ हा पुरावा किती दुबळा आहे, हे वेगळे सांगावयास नको. प्राणिगृहातील सेवकाने नोकरी सोडल्यानंतर वीस वर्षांनी त्याचा हात कापू लागला, तर त्या हाताचा संबंध पिंजऱ्याशी जोडणारा कोण असणार?

आक्षेपाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर खर्चात नाही, क्रमात आहे. बऱ्याचशा आवश्यक गोष्टी महाग नाहीत : तोलण्याऐवजी कुपीतच विरघळविणे, सुईवर टोपी पुन्हा न बसविणे, दुहेरी हातमोजे, भुसा ओला करून काढणे, पिंजऱ्यावर सेवकाला वाचता येईल अशा भाषेत विषाचे नाव व धोका लिहिणे, एकट्याने काम न करणे, आणि अपघात झाल्यास कोणत्या डॉक्टराकडे कोणता कागद घेऊन जावयाचे हे आधी ठरविणे. मोनोअमीन ऑक्सिडेज-बी रोखणारे सेलेजिलीनसारखे औषध अपघातानंतर द्यावे की नाही, हा निर्णय डॉक्टराचा. परंतु हे विष कोणते आणि त्याची क्रिया कशी हे डॉक्टराला त्या क्षणी सांगणारा कागद तयार ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे. तो कागद लिहावयास लागणारी सर्व माहिती त्याच्याच निबंधाच्या प्रस्तावनेत असते.

७

एमपीटीपीच्या वाङ्मयाने विषाचा मार्ग रेणूपर्यंत शोधून काढला. पण तोच मार्ग प्रयोगशाळेच्या जमिनीवर, म्हणजे कुपीतून सुईत, सुईतून उंदरात, उंदरातून भुशात आणि भुशातून माणसाच्या श्वासात, रेखण्याचे काम त्याने शास्त्राबाहेरचे मानले. हे दोन मार्ग वेगळे नाहीत. जातिभेदाने बदलणारी संवेदनशीलता, मेदविद्राव्यता, लवण व बेस यांतील फरक, उत्सर्जन, लक्षणांपूर्वीची हानी, ही सर्व सुरक्षिततेची प्रमेये आहेत, आणि ती सर्व संशोधनातूनच सिद्ध झालेली आहेत. म्हणून पद्धतीच्या निवेदनात ‘योग्य ती काळजी घेण्यात आली’ ह्या वाक्याच्या जागी चार वाक्ये यावयास हवीत : विष कोणत्या रूपात व कोठे तयार केले, इंजेक्शननंतर उंदीर कोणत्या हवेत व किती काळ ठेवले, भुसा व शवे यांची विल्हेवाट कशी लावली, आणि हे काम कोणी, कोणत्या शिक्षणानंतर केले. ह्या चार वाक्यांनी निबंध फारसा लांबणार नाही. मात्र प्रयोगाची पुनरावृत्ती करणाऱ्यास त्यांचा उपयोग मात्रेच्या आकड्याइतकाच होईल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ह्याचा व्यावहारिक अर्थ इतकाच की प्रबंध तपासताना परीक्षकाने चौथे वाक्य विचारावे. पिंजरे कोणी धुतले, या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रबंधकर्त्याला देता येत नाही, त्याला आपल्या प्रयोगाची पूर्ण माहिती आहे असे म्हणता येणार नाही.